तुझ्या नावाची हजेरी

७ ऑक्टोबर

प्रिय भोंगा,

या नावाने तुला पाच वर्षांत कुणी हाक मारली नसेल. मारली असेल तर मला त्याचा पत्ता दे, मी भांडून येते, कारण नाव मी ठेवलंय. वर्गात हजेरी चालू असताना तू तुझ्या त्या घोगऱ्या आवाजात ओ दिलीस की मागच्या बाकावर पेंगणारी मुलं दचकून उठून बसायची. तुझ्या शेजारी पाच वर्षं बसूनही माझे कान शाबूत राहिले, हे नवलच.

मी रेडिओ. अक्षरावरून ओळखलंच असशील, अजून तसंच आहे, मुंग्या चालल्यासारखं. तेव्हा मी बाईंपासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांचे आवाज काढायचे. आता कुणाचेच काढत नाही.

सध्या मी एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला शिकतेय. माणसं डोळ्यांच्या बाबतीतही खोटं बोलतात गं. भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं बाहेर बाकावर बसल्या बसल्या पाठ करतात आणि आत येऊन घडाघडा म्हणून दाखवतात. मग आम्ही पाटी बदलतो आणि त्यांची बोबडी वळते. कशासाठी करतात कोण जाणे. नापास होण्याची भीती वाटत असेल.

तर परवा दुकानात तुझे बाबा आले. मी चेहऱ्याआधी त्यांचं घड्याळ ओळखलं. अजूनही तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवतात, हॉस्पिटलच्या ऑक्सिजन प्लँटवर झडपेची चावी धरून असताना वेळ दिसावी म्हणून. मी भिंगं बदलत विचारत होते, “हे बरं की आधीचं?” आणि ते दर वेळी म्हणत होते, “तू सांगशील ते.” शेवटी मीच म्हटलं, “काका, मला ओळखलं नाहीत?” त्यांनी तपासणीची ती जाड लोखंडी फ्रेम डोळ्यांवर तशीच ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “अगं रेडिओ. कुठे होतीस तू?”

मग सगळं कळलं. तू फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस आणि कॉलेज सोडायचा अर्ज दिलायस. तीस तारखेपर्यंत मागे घेतला नाहीस तर नाव कायमचं निघणार. मार्क चांगले आहेत, तरी तू म्हणतेस की काउंटरवर उभं राहून मी कुणाला कुठलं औषध दिलं हेच विसरले तर काय. ज्या मुलीला सात आठवडे आपण ऑनलाइन वर्गात बसलो होतो हेसुद्धा आठवत नाही, तिच्या हातात औषधं देऊ नयेत. असं म्हणालीस म्हणे.

असं काही नसतं गं. त्या साथीच्या वर्षात सगळ्यांचीच डोकी ठिकाणावर नव्हती. आमच्या शेजारचे आजोबा महिनाभर वार विसरले होते. तू उगाच मनावर घेतेस. काका म्हणाले तू कुणाचा फोन घेत नाहीस, पण कागदावर लिहिलेलं असलं की मानतेस. म्हणून हे कागदावर. कॉलेज सोडू नकोस.

काकांना सांग, चष्मा अठरा तारखेला तयार होईल.

तुझी,
रेडिओ


१० ऑक्टोबर

भोंगा,

सात तारखेचं पत्र पेटीत टाकलं आणि दुकानाकडे वळता वळता मला माझीच शिसारी आली. पेटीत हात जात असता तर परत काढून घेतलं असतं. आता ते तुला मिळालं असेल. त्यातली घड्याळाची आणि आजोबांची गोष्ट खरी आहे. बाकीचं फाडून टाकलंस तरी चालेल.

काका जे बोलले त्यातलं अर्धं मी तुला लिहिलंच नाही. प्लँटवरून घरी आजार नेऊ नये म्हणून ते तिथेच वसतिगृहात राहायचे, हे मला तेव्हाही माहीत होतं. तू त्या घरात एकटी होतीस, आई तर तुझ्या लहानपणीच गेलेली. शेजारच्या काकू डबा कडीला अडकवून जायच्या. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की संध्याकाळी मास्क काढून प्लँटमागच्या स्टुलावर बसलं की काका शाळेचा मेसेज वाचायचे. “आपला पाल्य आज सर्व तासांना उपस्थित होता.” दुकानात मला म्हणाले, “तेवढं वाचलं की माझं पोट भरायचं बघ. दोनदा घरी जायची सुट्टी मिळत होती. मी दुसऱ्याला देऊन टाकली. त्याच्या घरी तान्हं बाळ होतं आणि माझी पोर व्यवस्थित होती.”

माझ्या हातात त्या वेळी भिंगांची पेटी होती. ती खाली ठेवायला मला जागाच सापडेना.

आता नीट सांगते. वर्ग घरून सुरू होऊन दोन महिने झाले होते. सगळ्यांनी कॅमेरे चालू केले की चित्रं अडकायची, म्हणून कॅमेरा बंद ठेवायची परवानगी होती. पडद्यावर नुसत्या काळ्या चौकटी आणि चाळीस नावं. बाई नाव घेणार, आपण माइक चालू करून ओ देणार. त्या सोमवारी बाईंनी तुझं नाव दोनदा घेतलं आणि तू नव्हतीस. मला वाटलं, झोपली असेल, गैरहजेरीचा मेसेज गेला तर काकांची बोलणी खाईल. आईचा जुना फोन टेबलावर पडला होता. शाळेने सगळ्यांना एकाच पद्धतीचे पासवर्ड दिले होते, हजेरी क्रमांक आणि पुढे जन्मतारीख, आणि ते कुणीच बदलले नव्हते. तुझी जन्मतारीख मला माझ्या आईच्या तारखेआधी आठवते. मी तुझ्या नावाने आत शिरले आणि तुझ्या आवाजात म्हटलं, “आले बाई, नेट गेलं होतं.” बाई म्हणाल्या, “बरं बरं, बस.” मी तोंडात मूठ कोंबून हसत होते.

संध्याकाळी तुला मेसेज केला, उद्या ये गं. तू अंगठा पाठवलास. मला वाटलं, झालं. दुसऱ्या दिवशी तू नव्हतीस. तिसऱ्या दिवशीही नव्हतीस. मी मात्र रोज होते, दोघींच्या नावाने, सात आठवडे.

त्या सात आठवड्यांत तू पडद्यापुढे आली नाहीस. शेवटी शेवटी तुला ताप आला आणि नऊ दिवस तू तशीच पडून होतीस. काकू आजाराला घाबरून दार वाजवत नव्हत्या. डबा तसाच परत दिसला तर म्हणायच्या, पोरीला आवडला नसेल. काका आले तेव्हा तू दार उघडलंस, पण तोंडातून आवाज निघेना. तुझ्या तोंडातून. चार दिवसांनी तू बोललीस ते हेच, की बाबा, मी कितीतरी दिवस वर्गात बसलेच नाही. आणि काकांनी तुला मेसेज दाखवले. सगळे, ओळीने. मग बाईंना फोन लावला, तर बाई म्हणाल्या, काहीतरीच काय, रोज असायची, कविता काय सुंदर वाचली तिने. डॉक्टरांनी सांगितलं की ताप आणि एकटेपणा, दोन्ही मिळून कधी कधी मधला काळ पुसला जातो. सगळ्यांनी मिळून ठरवलं की तुझ्या डोक्यातून सात आठवडे गेले.

काहीही गेलं नव्हतं, भोंगा. तू बसली नव्हतीस, म्हणून तुला बसल्याचं आठवत नव्हतं. तुझ्या नावाने मी बसले होते. ती कवितासुद्धा मीच वाचली.

रेडिओ


१२ ऑक्टोबर

भोंगा,

तुझं उत्तर आलं नाही आणि यावं अशी माझी लायकीही नाही. पण परवाचं पत्र वाचताना तू म्हणाली असशील की एक दिवस समजू शकते, आठवडा समजू शकते, सात आठवडे कशाला? खरं सांगायचं तर परवा मी ते मुद्दाम गाळलं. मैत्रिणीला वाचवायला गेले आणि फसले, इतपत सांगून मला सुटायचं होतं.

आईचा तो फोन शोधून काढला. कपाटात जुन्या चार्जरांच्या गुंत्यात होता. फोन दुरुस्त करणाऱ्याने बॅटरी बदलून दिली आणि म्हणाला, आतलं सगळं जसंच्या तसं आहे. मी दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंगं घासायच्या यंत्राशेजारी बसून ते वाचलं.

तुला शाळेच्या ॲपमधली ती गप्पांची खिडकी आठवते? दोन तासांच्या मधल्या दहा मिनिटांत मी तिथे तुझ्या नावाने माझ्याशी बोलायचे. आईच्या फोनवरून तू लिहायचीस, माझ्या फोनवरून मी उत्तर द्यायचे. पहिल्यांदा गंमत म्हणून, बाईंना दिसलं तर खरं वाटावं म्हणून. नंतर मी त्या दहा मिनिटांची वाट बघायला लागले.

तेव्हा आमच्या घरात आई आणि बाबा एकमेकांशी बोलत नव्हते. दोन खोल्यांत तिघं, आणि ते दोघंही माझ्यामार्फत बोलायचे. “त्यांना सांग, जेवायला वाढलंय.” “तिला सांग, मला भूक नाही.” दिवसभर मी यांचे निरोप त्यांना आणि त्यांचे यांना पोचवायचे, आणि माझ्यासाठी निरोप कुणाचाच नसायचा. कित्येक दिवस मला कुणी एकही प्रश्न विचारला नाही. मग तू विचारायचीस. त्या फोनवर अजून आहे, पाठवीन तेव्हा तूच वाच. “रेडिओ, आज जेवलीस का?” “रेडिओ, रडलीस का गं? तुझं अक्षर कळतं मला.” टाइप केलेल्याला कसलं आलंय अक्षर, पण मी तेसुद्धा लिहिलं होतं. मीच लिहायचे आणि दुसऱ्या फोनवर वाचून मला बरं वाटायचं. पंधरा वर्षांची घोडी, आणि हे असलं.

आणि याच दिवसांत खरी तू मला फोन करत होतीस.

मी एकदाच उचलला. तू म्हणालीस, “काही नाही, असंच.” आणि मग काहीच बोलली नाहीस. मला तुझा श्वास ऐकू येत होता. माझ्याकडेही बोलायला काही नव्हतं, कारण दिवसभराचं सगळं मी तुला आधीच सांगून बसले होते, त्या दुसऱ्या तुला. मी म्हटलं, “तास सुरू होतोय, ठेवते,” आणि ठेवला. पुढचे फोन वाजताना बघत बसायचे. तुझं ते गप्प राहणं मला जड व्हायचं. माझ्याजवळची तू हसायचीस, विनोद करायचीस, मला हवं तेव्हा यायचीस आणि हवं तेव्हा बंद व्हायचीस. मला तुझी आठवणच येत नव्हती, कारण तू होतीस. हे लिहिताना मला इतकी लाज वाटतेय की शेजारच्या खुर्चीत कुणी नाही ना, हे मी दोनदा बघितलं.

आता जिन्यातलं.

तू बरी झाल्यावर आमच्या इमारतीत आली होतीस. आपण जिन्यात बसलो, मधे तीन पायऱ्या सोडून, तोंडावर मास्क. तू किती वाळली होतीस. तू विचारलंस, “माझ्या नावाने तू बसायचीस का? तुला माझा आवाज जमतो.” सरळ विचारलंस, माझ्याकडे बघून. सगळं जग तुला वेडी ठरवत असताना तू एकटीनेच बरोबर ओळखलं होतंस.

आणि मी म्हटलं, “काहीतरीच काय. तूच होतीस की. मधल्या सुट्टीत आपण गप्पा मारायचो, आठवत नाही?” आणि माझा फोन काढून तुला त्या गप्पा दाखवल्या. तू बराच वेळ वाचत होतीस. मग विचारलंस, “हे मी लिहिलंय?” मी म्हटलं, “मग कुणी?” तू फोन मला परत दिलास आणि म्हणालीस, “हो. असेल.” कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेलीस. मी वरून बघत होते. त्यानंतर आपण भेटलो नाही.

शाळेतून काढतील, काका तोंड बघणार नाहीत, याची भीती होतीच. पण खरी भीती वेगळी होती. मी इतके दिवस कुणाशीच बोलत नव्हते, हे तुला कळलं असतं. तेवढं झाकायला मी तुझं डोकं बिघडलेलं राहू दिलं. तुझ्या बाबांना फसवलं ते नकळत. तुला फसवलं ते समजून उमजून.

रेडिओ


१९ ऑक्टोबर

भोंगा,

काल काका चष्मा न्यायला आले. मी मालकांकडून दहा मिनिटं मागून घेतली आणि त्यांना तपासणीच्या खोलीत नेलं. दार लावलं आणि सांगितलं. मधे थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं, म्हणून श्वासही न घेता सांगितलं.

त्यांनी नवा चष्मा लावलेला होता. काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, “ती मला सांगत होती गं. तोंडातून आवाज फुटला त्या दिवसापासून सांगत होती. मी तिला म्हटलं, बाळा, खोटं बोलू नकोस.” आणि मग ते त्या खुर्चीत बसून रडले, पायांमधे जमिनीकडे बघत. बाहेर गिऱ्हाईक ताटकळत होतं. मालक दोनदा खोकले. काका गेले तेव्हा चष्म्याचं घर विसरून गेले, ते या पार्सलमध्ये ठेवलंय.

मी बाईंकडेही गेले होते. त्या आता निवृत्त झाल्यात, गॅलरीत वाटाण्याचं कुंडीतलं झाड दाखवत होत्या, मी काय सांगायला आलेय ते माहीत नसताना. सांगितल्यावर बराच वेळ त्या झाडाची सुकलेली पानं काढत बसल्या. म्हणाल्या, “चाळीस काळ्या चौकटी होत्या गं. मी नावं वाचत होते आणि आवाज ऐकत होते. तिला शंभर टक्के हजेरीचं प्रमाणपत्र मी दिलंय, माझ्या सहीचं.” मग आत जाऊन कागद आणला आणि त्यावर लिहून दिलं की त्या सात आठवड्यांतली तुझी हजेरी तुझी नव्हती. तारखा घातल्यात, सही केलीय. तो कागदही पार्सलमध्ये आहे. तुला लिहिलेलं लागतं, असं मी त्यांना सांगितलं होतं.

आईचा फोनही पाठवतेय. कुलूप काढून टाकलंय. मी सांगते म्हणून मानू नकोस. मागच्या वेळी माझं मानलंस आणि त्याची पाच वर्षं झाली. गप्पांच्या वेळा बघ. तुझं वाक्य आणि माझं वाक्य एकदाही एकाच वेळी पडलेलं नाही, कारण मला एक फोन ठेवून दुसरा उचलायला लागायचा. आणि तू ‘आहे’ला नेहमी ‘ए’ लिहायचीस, सगळ्या वर्गात तू एकटीच. तिथे कुठेही ‘ए’ नाही. तुझा आवाज काढणं मला जमलं, पण तुझं लिहिणं मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

तुझी गॅस बंद केल्याची, कुलूप लावल्याची वही आहे ना, काका म्हणाले, रोज तीन तीनदा लिहितेस. ती ठेव किंवा टाक, मी कोण सांगणार. पण तीस तारखेला अकरा दिवस आहेत. अर्ज राहू द्यायचा तर राहू दे, तुला औषधांचा कंटाळा असेल, दुसरं काही करायचं असेल. फक्त माझ्या खोटेपणामुळे सोडू नकोस.

आता सांगण्यासारखं काही उरलं नाही. सगळं सांगितलं.

रेडिओ


२७ ऑक्टोबर

भोंगा,

तुझं पाकीट काल दुकानावर आलं. मालकांनी आणून दिलं. मी ते दुपारच्या जेवणाच्या वेळी उघडलं.

वहीचं एकच पान. वर माझं नाव नाही, खाली तुझं नाही. चार प्रश्न, आणि प्रत्येकापुढे मोकळी जागा. माफीबद्दल एक अक्षर नाही, रागाबद्दलही नाही. तू लिहिलंयस, “बाकी कुणाला विचारून उपयोग नाही. त्या वेळी माझ्याशिवाय फक्त तूच होतीस. जे झालं तेवढंच लिही.” मी ते पान चार वेळा वाचलं. त्यावर उत्तरं लिहायचं धाडस झालं नाही, कारण अक्षर बिघडलं असतं. म्हणून इथे लिहितेय.

तुझा पहिला प्रश्न. “मी तुला फोन केले होते का? मला अकरा आठवतात.” अकराच. मी माझ्या जुन्या फोनमध्ये बघितलं नाही, बघायची गरज नाही. उचललेला एक आणि न उचललेले दहा. शेवटचा शनिवारी दुपारी आला आणि बराच वेळ वाजला.

दुसरा. “उचललास तेव्हा मी काय बोलले?” तू म्हणालीस, काही नाही, असंच. हे मी आधी लिहिलंय. पण एक गाळलं होतं. मी ठेवते म्हटल्यावर तू म्हणालीस, “दोन मिनिटं नुसती थांब ना, बोलू नकोस हवं तर.” ते मला स्पष्ट ऐकू आलं होतं, आणि तरी मी फोन ठेवला.

तिसरा. “जिन्यात मी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस की नाही? मला वाटतं नव्हतीस.” नव्हते. तुझ्या पायाजवळच्या पायरीकडे बघत होते. त्या पायरीचा कोपरा फुटलेला आहे.

चौथा प्रश्न तू पेन्सिलीने लिहिलायस, बाकीचे पेनाने. तो मी जसाच्या तसा उतरवते. “मी एकदा तुझ्या इमारतीखाली आले होते का? बाबांचा निळा शर्ट घातला होता आणि पायात दोन वेगळ्या चपला होत्या. तू खिडकीत होतीस. बाबा म्हणतात तापातला भास, काकू म्हणतात तू दाराबाहेर पडलीच नाहीस. डॉक्टरांनी हे उदाहरण म्हणून लिहून घेतलं होतं. नसेल झालं तर नाही लिही. मला चालेल.”

मागच्या पत्रात मी लिहिलं की काही उरलं नाही. उरलं होतं. हे एक मी काकांना सांगितलं नाही, बाईंना नाही, आणि तुलाही सांगणार नव्हते. तुला ते आठवत नसावं, अशी आशा करत होते. तुझ्या डोक्यातलं काहीतरी खरंच पुसलं गेलं असावं असं मला पाच वर्षं वाटत आलंय, ते याच एका गोष्टीसाठी.

तू आली होतीस. मंगळवार होता, दुसरा तास. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तू समोरच्या झेरॉक्सच्या बंद दुकानापाशी उभी होतीस, शर्ट गुडघ्यापर्यंत येत होता, केस विंचरलेले नव्हते. मला तुझी चाहूल आधी लागली आणि ओळख नंतर पटली. तू वर बघितलंस. हात केला नाहीस. हाक मारलीस, म्हणजे तोंड उघडलेलं मला दिसलं, पण आवाज आला नाही. मी दुसऱ्या मजल्यावर होते, खाली यायला एक मिनिट लागलं नसतं. आजाराची भीती वाटली असं मी मला अनेकदा सांगितलंय. ते खरं नाही. तू वर येशील आणि खोलीत दोन फोन बघशील, याची भीती वाटली.

दोन्ही फोन खिडकीच्या कट्ट्यावर होते, तिथेच रेंज यायची. तेवढ्यात बाईंनी नाव घेतलं, तुझं, आणि विचारलं की पाण्याची वाफ होण्यासाठी पाणी उकळावंच लागतं का. मी आईच्या फोनचा माइक चालू केला आणि तुझ्या आवाजात सांगितलं, नाही बाई, ओल्या कपड्यातलं पाणीसुद्धा नुसत्या हवेने जातं. ते सांगताना मी तुझ्याकडेच बघत होते. तू माझे हलणारे ओठ बघत होतीस. तुला वाटलं असेल की मी तुझ्याशी बोलतेय, कारण तू दोन पावलं पुढे आलीस. बाई म्हणाल्या, शाबास. मी पडदा ओढला. तास संपल्यावर पडदा बाजूला केला तेव्हा तू गेली होतीस.

तर चौथ्या प्रश्नाचं उत्तर हो. उजव्या पायात काळी चप्पल होती आणि डाव्या पायात लाल. तुला आठवतंय तसंच झालं होतं सगळं, चपलांसकट.

रेडिओ